सात अंशांची तफावत

१

वेंडेल हेंडरशॉटला अस्वलाने मारलं, यात कुणालाच शंका नव्हती. जखमा तशा होत्या, चिखलातले ठसे तसे होते, आणि कोडिॲक बेटावर तसं मारणारं दुसरं कुणी नाही. सेलेझन खाडीच्या लोकांना कोडं पडलं होतं ते वेगळंच. वेंडेलच्या कमरेला रिव्हॉल्व्हर होतं. कातडी म्यानात, वरच्या पट्टीचं बटण लावलेलं, सहाच्या सहा गोळ्या जागेवर. चौसष्ट वर्षांचा जमिनीचा मोजणीदार, चाळीस उन्हाळे याच झुडपांत काढलेला, आणि त्याने साधं बटणसुद्धा उघडलं नव्हतं.

शहरातून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने फौजदार आला. दोन तास फिरला, फोटो काढले, प्रेत घेऊन गेला. जाताना म्हणाला, म्हातारा गांगरला असणार, हात चालला नसेल. आणि मग एक वाक्य बोलून गेला, ते मात्र गावाला पुरलं. "राखणदार कुठे होता?"

मोजणीदारांच्या टोळीबरोबर अस्वलांवर नजर ठेवायला गावातला एक माणूस छर्ऱ्याची बंदूक घेऊन जातो. या उन्हाळ्यात टोळीत वेंडेल, त्याची मुलगी कोरीन आणि भागीदार गार्थ होते, आणि राखणदार होता इनोकेंती मालुतिन. आणि ज्या बाईने याची चौकशी करायची, ती त्याची थोरली बहीण तायसिया.

गावाच्या सुरक्षेची नोकरी तायसियाकडे अकरा वर्षं होती. मोजणीदारांकडे बंदूक, मास्तरणीकडे बंदूक, टपाल आणणाऱ्या वैमानिकाच्या आसनाखाली बंदूक. गावाच्या सुरक्षा अधिकाऱ्याला मात्र सरकारने दिली होती एक वॉकीटॉकी आणि मलमपट्टीची पेटी. तिला त्याचं वाईट वाटत नसे. लोकांना बोलतं करायला बंदूक कशाला लागते, असं ती म्हणायची. पण परवा भावाला बोलतं करायची वेळ आली तेव्हा तिने फार वाईट केलं.

तो घरामागे लाकडं फोडत होता. तिने जवळ जाऊन आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला.

"सतरा महिने झाले, तायसिया," तो कुऱ्हाड न थांबवता म्हणाला. "मोजतेस ना तूही?"

"कुठे होतास केंती?"

"होडीकडे. वेंडेलनेच पाठवलं. लोखंड शोधायच्या काठीची बॅटरी मरत आली होती, दुसरी होडीत होती."

"राखणदाराला बॅटरी आणायला पाठवलं?"

"मग कुणाला पाठवणार? कोरीनकडे बंदूक नाही. झुडपांतून एकटी जाईल कशी ती?"

"कोरीन म्हणते, असं काही तिच्या कानावर आलं नाही."

त्याने वर पाहिलं. कुऱ्हाड खाली टेकवली.

"दोन वर्षांपूर्वीही असंच," तायसिया म्हणाली. "शाळेच्या बायकांना बेरी तोडायला नेलंस आणि झाडाखाली पिऊन पडलास. तेव्हाही तुला कुणीतरी कुठेतरी पाठवलंच होतं."

"तेव्हा खोटं बोललो होतो," इनोकेंती म्हणाला.

आणि त्याने पुन्हा कुऱ्हाड उचलली. तायसिया घरी आली ती पाय ओढत. सतरा महिने तिने त्या भावाला तळहातावर जपलं होतं, आणि आता अख्खं गाव त्याच्याकडे पाहून तोंड फिरवत होतं. दुकानाच्या दारात तो आला की बोलणी बंद पडत. हे असंच चाललं तर तो पुन्हा बाटलीकडे जाईल, आणि या वेळी परत येणार नाही, हे तिला दिवसासारखं स्वच्छ दिसत होतं. त्याला खोटं ठरवून तीच मोकळी झाली होती, हे मात्र तिने स्वतःशी कबूल केलं नाही.

२

मोजणीदार सुटीतल्या रिकाम्या शाळेत उतरले होते; कोरीनला मात्र शेजारच्या मार्फाआजीने आपल्या घरी नेलं होतं. गार्थ स्पूनर, वेंडेलचा वीस वर्षांपासूनचा भागीदार, व्यायामशाळेच्या जमिनीवर मांडी ठोकून सामान आवरत होता. धिप्पाड माणूस, कमरेला रिव्हॉल्व्हर आणि डोळे सुजलेले.

"तुझ्या भावाला सांग, माझ्यासमोर येऊ नकोस म्हणून," ती आल्या आल्या त्याने तोफ डागली. "दारुड्याला राखणीला घेऊ नको असं मी वेंडेलला सांगत होतो. ऐकतो कुठे! म्हणे केंतीसारखे कान कुणाला नाहीत."

"तुझं आणि वेंडेलचं भांडण चालू होतं असं ऐकलं."

गार्थ थबकला. "कोण बोललं? मार्फाआजी?"

"भिंतीसुद्धा बोलतात इथे. कशावरून होतं?"

"त्याच्या गुडघ्यांवरून. हा शेवटचा उन्हाळा कर आणि घरी बस, म्हटलं. तर म्हणाला, बसतो, पण नकाशांवर सही करायचा शिक्का कोरीनला देणार, तुला नाही." त्याने नाक पुसलं. "राग आला. आला तर आला! पण मुलगी हुशार आहे, हे काय मला कळत नाही?"

"तू कुठे होतास तेव्हा?"

"ओढ्यापलीकडे, टेकाडावर निशाण धरून. अर्ध्या मैलावर. कोरीन तिपाईवरच्या मोजणीच्या दुर्बिणीशी, आणि वेंडेल तिच्यापासून तीसेक पावलांवर झुडपांत. जुन्या हद्दीची लोखंडी नळी शोधत होता. वॉकीटॉकीवर पोरीची किंकाळी ऐकली आणि धावलो. पण भरती होती, ओढा छातीच्या वर. तुझा भाऊ होडी घेऊन आला तेव्हा कुठे पलीकडे पोचलो."

तायसियाने मनात गणित केलं. त्या दिवशीच्या भरतीची वेळ तिला ठाऊक होती. जाळी तिने स्वतःच टाकली होती. गार्थ पोहून आला असता तर नखशिखांत भिजला असता, आणि त्याचे फक्त बूट ओले होते हे फौजदाराच्या फोटोतही दिसत होतं. म्हणजे अस्वल आलं तेव्हा गार्थ त्या काठावर नव्हता.

"पोचलास तेव्हा काय पाहिलंस? नीट सांग."

"काय सांगू? कोरीन त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. केंती माझ्यामागून होडीतून उतरला आणि बाजूला खांबासारखा उभा राहिला. फावडं झाडाला टेकवलेलं. आणि ती लोखंड शोधायची काठी... तिची दोरी अजून वेंडेलच्या मनगटात होती, आणि ती नुसती किंचाळत होती. मला सहन होईना. मीच बंद केली."

तायसिया उठायला लागली होती, ती तशीच खाली बसली.

"किंचाळत होती?"

"हो. नळी सापडली असेल त्याला. नेमकी तेव्हाच."

"नळी सापडली असती तर फावडं हातात असतं गार्थ. आणि नळी पुरलेली असते. पुरलेल्या लोखंडावर ती गुणगुणते. किंचाळते कधी?"

गार्थचा हात नकळत स्वतःच्या कमरेकडे गेला.

३

ही गोष्ट मोजणीदारांखेरीज कुणाच्या ध्यानात येणार नाही, आणि फौजदार मोजणीदार नव्हता. तायसियाने मात्र नोकरी लागण्याआधी चार उन्हाळे वेंडेलच्या टोळीत झुडपं तोडली होती. ती काठी जमिनीवरून फिरवायची. खाली लोखंड असलं की तिचा सूर चढतो. पण कमरेला रिव्हॉल्व्हर असलं की ती त्याच्याच नावाने बोंबलते आणि जमिनीतलं काही ऐकू देत नाही. म्हणून काठी हातात घेण्याआधी वेंडेल न चुकता पट्टा सोडायचा आणि जवळच्या माणसाच्या हातात द्यायचा. "धर माझी अब्रू," म्हणायचा, आणि स्वतःच्याच विनोदावर हसायचा. खाली तो पट्टा कधी ठेवत नसे. एकदा ठेवला होता आणि गवतात दोन दिवस शोधत बसला होता.

म्हणजे वेंडेल काठी घेऊन शोधत होता तेव्हा रिव्हॉल्व्हर त्याच्याकडे नव्हतं. दुसऱ्या कुणाकडे तरी होतं. तो मेल्यावर कुणीतरी ते त्याच्या कमरेला बांधलं, म्यानाचं बटण लावलं, आणि काठी किंचाळायला लागली.

जवळच्या माणसाच्या हातात, म्हणजे कुणाच्या? राखणदार नेहमी जवळच असतो.

मार्फाआजीच्या स्वयंपाकघरात कोरीन बसली होती. अठ्ठावीस वर्षांची, बापासारखेच रुंद खांदे. बारा वर्षांची असल्यापासून दर उन्हाळ्यात बापाबरोबर यायची आणि गावभर मावश्या गोळा करत फिरायची. समोर माशाचं सारण भरून भाजलेला पायरोक गार झाला होता.

"दोन दिवस झाले, पोरीने घास खाल्ला नाही," मार्फाआजी म्हणाली. "तूच सांग बाई हिला. मेलेल्याबरोबर जेवण मरत नाही."

आजी वाफेची न्हाणी तापवायला बाहेर गेली. तायसिया कोरीनच्या शेजारी बसली.

"बाळ, तुझ्या बाबाच्या कमरेला पट्टा होता का तेव्हा?"

"होता ना. सगळ्यांनी पाहिलाय."

"अस्वल आलं तेव्हा म्हणतेय मी."

"मी पाठमोरी होते, मावशी. दुर्बिणीत डोळा होता. मला काही दिसलं नाही."

"केंतीला त्याने बॅटरी आणायला पाठवलं होतं का?"

कोरीनने पायरोकचा एक तुकडा मोडला आणि तिथेच ठेवला. "मी ऐकलं नाही."

"तीस पावलांवरून?"

"वारा होता."

त्या दिवशी वारा नव्हता. तायसिया जाळ्यावर होती. पाणी तेलासारखं होतं. पण ती तसं बोलली नाही. मायेच्या माणसाला खोटं बोलताना पकडलं की आपल्यालाच चोरासारखं वाटतं. तिने एवढंच विचारलं, "मोजणीची वही कुठे आहे तुझी?"

"पिशवीत. कशाला?"

"केंतीची वेळ पाहायचीय."

कोरीनने वही काढून दिली, आणि ती इतकी सहज दिली की तायसियाला वाटलं, आपलं चुकतंय. या मुलीला लपवायचं काहीच नाही. मग लपवणारा एकच उरत होता, आणि तो तायसियाच्याच आईच्या पोटचा होता.

४

शाळेच्या पायरीवर बसून तिने वही उघडली. कोरीनचं अक्षर छापल्यासारखं. प्रत्येक रेषेपुढे वेळ, दुर्बिणीने मोजलेला कोन, आणि शेजारी होकायंत्राचा आकडा. हे दुहेरी मोजणं वेंडेलचं जुनं खूळ. दुर्बीण एकदा चुकेल, सुई एकदा चुकेल, पण दोघी मिळून एकच चूक करणार नाहीत, असं तो म्हणायचा.

सकाळपासून बारा रेषा होत्या. अकरा रेषांत दोन्ही आकडे अर्ध्या अंशाच्या आत जुळत होते. बारावी रेषा अकरा वाजून चाळीस मिनिटांची. दुर्बिणीने दोनशे चौदा. सुईने दोनशे सात.

तायसियाने तीनदा वाचलं. मग वही मिटून गार्थला हाक मारली. "चल. तुझं रिव्हॉल्व्हर घे. आणि होकायंत्र."

"कुठे?"

"जिथे कोरीन उभी होती तिथे."

झुडपं अजून मोडलेली होती. मोजणीची खुंटी जागेवर होती. तायसियाने गार्थला पट्टा सोडून लांब खडकावर ठेवायला लावला, मग खुंटीवर उभं करून टेकाडावर त्या दिवसापासून रोवलेल्या निशाणाकडे सुई धरायला सांगितली.

"दोनशे चौदा," गार्थ म्हणाला.

"आता पट्टा बांध आणि पुन्हा बघ."

"अगं, कमरेला लोखंड असलं की सुई ढळणारच. म्हणून तर वेंडेल मला होकायंत्राला हात लावू देत नसे. माझ्या कमरेचं हे कधी सुटत नाही. आणि कोरीनच्या कमरेला असतो तो मिरचीचा फवारा, त्याचा डबा ॲल्युमिनियमचा, त्याला सुई..."

"बांध, गार्थ."

त्याने बांधला. सुई हलली, डोलली, थांबली. त्याने होकायंत्र डोळ्याजवळ नेलं.

"किती?"

"दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतली होती ही रिव्हॉल्व्हरं," गार्थ म्हणाला. "दोनशे सात."

त्याने ते होकायंत्र तायसियाच्या हातात दिलं आणि खुंटीशेजारी ओल्या गवतात बसला. एवढा मोठा माणूस, पण रडताना लहान मुलासारखा ओठ काढून रडला. "मी तिच्यासमोर केंतीला शिव्या देत होतो," तो म्हणाला. "दोन दिवस. आणि ती ऐकत होती."

५

कोरीन न्हाणीच्या बाहेरच्या बाकावर होती. केस ओले, तोंड लाल. तायसियाने वही तिच्या मांडीवर उघडून ठेवली आणि बाराव्या रेषेवर बोट ठेवलं. बोलायची गरज पडली नाही. हुशार मुलगी, एका नजरेत तिला कळलं. आयुष्यात कमरेला बंदूक न बांधलेल्या मोजणीदाराकडूनच होईल अशी चूक होती ती.

"केंती गेला आणि बाबा म्हणाला, धर माझी अब्रू," ती हळूच म्हणाली. "मी म्हटलं, मला नको ते, तुला माहितेय. तर म्हणाला, दहा मिनिटांचा प्रश्न आहे. मी कमरेला बांधलं. रेषा घेतली, आकडा लिहिला. तेवढ्यात झुडपं हलली. मादी होती, मावशी. मागे दोन पिल्लं."

"आणि तू?"

"मी काढलं रिव्हॉल्व्हर. खरंच काढलं. दोन्ही हातांनी धरलं. पण बाबा मधे होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हात वर केला, पंजा उघडा." तिने स्वतःचा हात तसा वर केला. "म्हणजे थांब. आम्ही लांबून असेच बोलतो. बाराव्या वर्षापासून त्याने असा हात केला की मी थांबते, ओढ्यात असले तरी, एक पाय वर असला तरी. मी थांबले. त्याला वाटलं असेल ती निघून जाईल. ती गेली नाही. आणि मी थांबूनच राहिले. सगळं संपेपर्यंत मी थांबले होते, मावशी!"

तायसियाने तिला जवळ ओढलं. ओल्या केसांतून वाफ येत होती.

"पट्टा का बांधलास त्याला?"

"त्याच्याजवळ असलं तर कुणी विचारणार नाही की कुणाकडे होतं. एवढंच सुचलं. बकल लावलं आणि ती काठी ओरडायला लागली. मला वाटलं सगळ्या खाडीला ऐकू जाईल. पण ती बंद करायला हात पुढे होईना." तिने डोळे पुसले. "केंतीचं माझ्या डोक्यातच नव्हतं. मग गार्थ ओरडला, फौजदाराने लिहून घेतलं, सगळे म्हणायला लागले. पहिल्या तासात बोलले असते तर बोलता आलं असतं. नंतर दर तासाला ते जड होत गेलं."

"केंतीला बॅटरी आणायला त्याने पाठवलं होतं?"

"हो. मी ऐकलं होतं. वारा नव्हता."

या मुलीवर रागवावं असं तायसियाला मनापासून वाटत होतं, आणि राग येत नव्हता.

दुपारी विमान यायच्या आधी लोक कोरीन आणि गार्थच्या निरोपाला धक्क्यावर जमले. कोरीन सगळ्यांसमोर उभी राहिली आणि चार-पाच वाक्यांत सगळं सांगून टाकलं, पंजा, रिव्हॉल्व्हर, बॅटरी. शेवटी म्हणाली, "इनोकेंतीने काही चूक केली नाही. मी केली." मग मार्फाआजी पुढे झाली, आपली शाल तिच्या खांद्यावर टाकली, आणि नाक शिंकरत मागे जाऊन उभी राहिली. गार्थ गर्दीत केंतीला शोधत होता. केंती तिथे आलाच नव्हता.

६

तो होडीशी होता. होडीत झोपायची पथारी, पेटी, भांडी. तायसिया धावत आली होती. तिला धाप लागली होती.

"कळलं सगळ्यांना," ती म्हणाली. "कोरीनने स्वतः सांगितलं. तू खरं बोलत होतास, केंती."

"हो का!" तो पेटीला दोर बांधत होता. "पोरीने सांगायला नको होतं. निभावलं असतं माझ्याने."

"म्हणजे?"

"बॅटरी घेऊन परत आलो तेव्हा ती पट्टा बांधत होती त्याला. बकल लागत नव्हतं तिला. मी झुडपामागे सरलो. झालं तिचं, मग खोकलो आणि पुढे गेलो."

"तुला पहिल्यापासून माहीत होतं? आणि फौजदारासमोर मूग गिळून बसलास?"

"काय सांगायचं होतं? बापाचं रक्त तिच्या हाताला होतं, तायसिया. माझ्या नावाला आणखी एक डाग लागला तर कुणाला वेगळं दिसणार होतं? तिला अजून आयुष्य काढायचंय या कामात."

"आणि हे सामान कशाला? कुठे निघालास?"

"पलीकडच्या खाडीत. मासे डबाबंद करायच्या कारखान्यात माणूस हवाय."

"आता का जायचं? आता कोण काय म्हणणार तुला? गार्थ माफी मागायला शोधतोय. राहा, केंती."

"गावासाठी नाही जात मी." त्याने दोराची गाठ ओढून पाहिली. "गाव काय, बोलतं आणि विसरतं. मी गावासमोर गप्प राहिलो. पण तुला सांगितलं होतं, वेंडेलने पाठवलं म्हणून. पोरीचं नाव न घेता जेवढं खरं सांगता येत होतं, तेवढं तुला सांगितलं. वाटलं होतं, सगळे काही म्हणोत, तेवढं तू धरून राहशील."

तायसियाला बोलायचं होतं. ती वही, ती सुई, ते दोनशे सात, आपण किती धडपडलो ते सगळं सांगायचं होतं. पण हे सगळं तिला कशासाठी लागलं, हेच त्याने विचारलं असतं.

"पिणार नाही मी," तो म्हणाला. "काळजी करू नकोस. दोर सोड तेवढा."

तिने खुंटाचा दोर सोडला आणि गुंडाळून त्याच्या हातात दिला. त्याने तो घेतला, इंजिन सुरू केलं, आणि वळणावर जाईपर्यंत एकदाही मागे पाहिलं नाही.